पिंपळपानाची जाळी: पान निवडण्यापासून आकाशकंदिलापर्यंत

पिंपळाचं पान वहीत ठेवलं की त्याची जाळी पडते, असं आपल्याकडे मुलं एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. पण कोरड्या वहीत पान नुसतं सपाट होतं, तपकिरी पडतं आणि जरा दाबलं की त्याचा चुरा होतो. कुणाच्या वहीत खरोखर जाळी पडली असेल तर तिथे ओल शिरली असणार. पावसात भिजलेलं दप्तर म्हणा, ओलसर भिंतीला टेकलेलं कपाट म्हणा. जाळी पडते ती कुजण्याने. पानातला मऊ गर कुजून निघून जातो आणि शिरा मागे राहतात. पावसाळा सरताना पिंपळाच्या पाराभोवती पाणी साचलेल्या जागी थोडं शोधलं तर कुणीही न केलेली, आपोआप तयार झालेली जाळी मिळते ती यामुळेच.

हे कुजणं घरच्या घरी, एका बादलीत, आपल्याला हवं तिथपर्यंतच होऊ द्यायचं आणि नेमकं वेळेवर थांबवायचं, हे या लेखात सांगितलं आहे. झटपट होणारी सोड्याची रीतही दिली आहे. पण मला विचाराल तर वेळ असेल तेव्हा पाण्याचीच रीत धरावी. त्यात शिरा कमी तुटतात, रसायन हाताळावं लागत नाही आणि मुलांना पहिल्यापासून शेवटपर्यंत काम करता येतं.

शिरा कशा काय टिकतात?

पानाच्या वर आणि खाली एकेक पातळ पापुद्रा असतो. मधे हिरवा गर आणि त्यातून शिरांचं जाळं. गराच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थामुळे. पान पाण्यात बुडालेलं राहिलं की जिवाणू हे पेक्टिन फस्त करतात आणि गर सुटा होतो. शिरांमध्ये मात्र लिग्निन असतं, ज्याच्यामुळे लाकूड टणक होतं तेच. ते जिवाणूंना सहजासहजी पचत नाही. अंबाडीच्या जुड्या पाण्यात कुजवून वाख काढतात तो याच न्यायाने, आणि ज्यांच्या घरी कधी वाख काढला गेला आहे त्यांना बादलीच्या वासाबद्दल वेगळं सांगायला नको.

पिंपळ या कामाला इतका बरा का, तर त्याचं पान चिवट असतं आणि शिरांची वीण घट्ट असते. पान उजेडासमोर धरून पाहा. मधल्या शिरेतून निघालेल्या बाजूच्या शिरा कडेपर्यंत जाऊन सुटत नाहीत, कडेच्या थोडं आत एकमेकींना जोडल्या जातात आणि तिथे पानाला जणू आतून शिवण घातलेली दिसते. गर गेल्यावर जाळीचा आकार टिकतो तो या किनारीमुळे. वडाचं पान जाड, त्याला वेळ जास्त लागतो, पण जाळी पडते. केळ, बांबू, गवत यांच्या नादी लागू नका. त्यांच्या शिरा समांतर धावतात, गर गेला की हातात नुसते दोरे येतात.

पान कोणतं घ्यायचं

पिंपळावरून पानं ओरबाडायची गरज नाही. बऱ्याच गावांत पाराच्या पिंपळाला हात लावलेला लोकांना आवडत नाही आणि त्या भावनेचा मान ठेवावा. वाऱ्या-पावसाने गळालेली, फांदी छाटल्यावर पडलेली पानं भरपूर मिळतात. चैत्राच्या आसपास फुटणारी तांबूस, तकतकीत पालवी दिसायला सुंदर, पण या कामाला निरुपयोगी. तिच्या शिरा अजून पक्क्या झालेल्या नसतात, गराबरोबर त्याही विरघळतात. श्रावणापासून पुढे पौषापर्यंत मिळणारं गर्द हिरवं, निबर पान सगळ्यात चांगलं. पानगळीतलं पिवळं पडलेलं पानही चालतं, फक्त ताजं गळालेलं असावं. कुरकुरीत वाळलेलं पान उचलायचंच असेल तर आधी रात्रभर पाण्यात मऊ होऊ द्या, नाहीतर बादलीत टाकतानाच तुटतं.

प्रत्येक पान उजेडासमोर धरा. पिंपळाच्या पानावर किड्यांनी केलेल्या गाठी पुष्कळदा असतात. गाठीच्या जागी जाळीला भोक पडतं. पानाचं लांब, निमुळतं टोक शाबूत आहे का हेही पाहून घ्या. ते टोक नसेल तर जाळी कितीही छान उतरली तरी पिंपळाची वाटत नाही.

आकाराचंही ठरवून घ्यावं. ‘भारतरत्न’ सन्मानाचं ब्राँझचं पदक पिंपळपानाच्या आकाराचं असतं, पण ते जेमतेम ५.८ सेंमी लांब आणि ४.७ सेंमी रुंद. झाडावरची पूर्ण वाढलेली पानं त्याच्या दुप्पट-अडीचपट सहज भरतात. भेटकार्डाला टोकासकट दहा सेंमीच्या आतलं पान बरं पडतं. मोठी पानं कंदिलासाठी राखून ठेवा. आणि लागतील त्याच्या दीडपट पानं भिजत घाला, कारण काही फाटतातच.

पाण्याची रीत

काचेची मोठी बरणी किंवा प्लास्टिकची बादली घ्या. लोखंडी भांडं नको, गंजाचे डाग पानावर बसतात. ताज्या पानाच्या देठातून पांढरा चीक येतो. तो काहींच्या त्वचेला चुरचुरतो, म्हणून देठ थोडा वेळ वाहत्या पाण्याखाली धरा आणि मग हात साबणाने धुवा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि आपल्याला तर जिवाणू हवे आहेत. म्हणून पाणी एक दिवस उघडं ठेवून मग वापरा. पावसाचं किंवा विहिरीचं पाणी मिळालं तर उत्तम. त्यात कुंडीतली मूठभर माती टाकली की काम लवकर सुरू होतं. पानं एकेक करून सोडा, म्हणजे ती एकमेकांना चिकटून बसणार नाहीत. वरून एक ताटली आणि तिच्यावर धुतलेला दगड ठेवा. पान पाण्याच्या वर आलं तर तेवढाच भाग हिरवा राहतो आणि नंतर साफ करताना तिथेच फाटतं.

आता बादलीचं तोंड पातळ सुती कापडाने झाकून दोरीने घट्ट बांधा. ही पायरी कुणीही टाळू नये. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. फट राहता कामा नये. शिवाय दर पाच-सहा दिवसांनी निम्म्याहून जास्त पाणी ओतून तेवढं नवीन भरा. सगळं पाणी मात्र फेकू नका, जुन्या पाण्यातले जिवाणूच पुढचं काम करणार आहेत. काढलेलं पाणी झाडांच्या बुंध्याशी घातलं तरी चालतं.

बादली गॅलरीच्या कोपऱ्यात, उबेला पण थेट उन्हात येणार नाही अशी ठेवा. उन्हाळ्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन ते तीन आठवडे लागतात, थंडीत महिना किंवा त्याहून जास्त. दिवाळीच्या कंदिलासाठी जाळी हवी असेल तर हिशेब सोपा आहे: अनंत चतुर्दशीला पानं भिजत घाला. तिथून नरक चतुर्दशीपर्यंत दीड चांद्र महिना, म्हणजे सुमारे ४४ दिवस मिळतात. भिजवणं, धुणं, वाळवणं आणि चिकटवणं त्यात आरामात बसतं.

दहाव्या दिवसापासून रोज एक पान तपासा. बाहेर काढून अंगठ्याने कडेला हलकंच चोळा. वरचा पापुद्रा हाताखाली सरकला आणि त्याच्याखाली हिरवट, बुळबुळीत लगदा लागला तर पान तयार आहे. पापुद्रा घट्ट असेल तर परत पाण्यात. सगळी पानं एकाच दिवशी तयार होत नाहीत, त्यामुळे तयार झालेली बाजूला काढत जा. कुजणं वेळेवर थांबवायचं म्हणजे हेच. त्यापुढे आठवडाभर जास्त राहिलं तर बारीक शिराही सैल होतात आणि जाळीला मधेच खिडक्या पडतात.

गर काढणं

सगळं कौशल्य या पायरीत आहे, तेव्हा इथे घाई नको. एक पसरट पांढरं ताट किंवा ट्रे घ्या आणि त्यात दोन बोटं पाणी भरा. पान पाण्यातच राहू द्या. पाण्याबाहेर काढलं की ओलं पान स्वतःच्या वजनाने दुमडतं आणि दुमडलं की फाटतं. दुधाची पिशवी कापून तिचा सपाट तुकडा पानाखाली सरकवा. पान उचलायचं, उलटायचं, दुसऱ्या ताटात न्यायचं ते त्या तुकड्यासकट.

आधी पापुद्रा काढायचा. देठाजवळ अंगठ्याने हळूच ढकलला तर बऱ्याचदा तो मोठ्या तुकड्यात सुटून येतो. मग चित्रकलेचा मऊ, रुंद ब्रश घ्या. मऊ केसांचा जुना टूथब्रशही चालतो. ब्रश घासायचा नाही, थोपटायचा. मधल्या शिरेपाशी सुरुवात करून कडेकडे सरकत जा. थोपटलं की गराचा हिरवा ढग पाण्यात सुटतो आणि ब्रशखाली चौकोनी-पंचकोनी घरांची नक्षी दिसायला लागते. पाणी गढूळ झालं की बदला, कारण गढूळ पाण्यात गर कुठे राहिलाय ते कळत नाही. एक बाजू झाली की तुकड्यासकट पान उलटून दुसरी बाजू करा. टोकाशी ब्रश वापरूच नका. तिथे बोटाच्या पेराने पाणी हलवलं तरी गर निघतो.

एखाद्या ठिकाणी गर चिकटून राहिला आणि निघेचना, तर तिथे जोर करण्यापेक्षा पान चार दिवस परत भिजत घाला. मुलांना हे काम द्यायचं असेल तर पहिली दोन-तीन पानं मोठ्यांनी त्यांच्यासमोर करून दाखवावीत. थोपटणं आणि घासणं यातला फरक बघितल्याशिवाय कळत नाही. वासाचा त्रास होत असेल तर धुण्याच्या आदल्या रात्री पानं स्वच्छ पाण्यात ठेवा, बराचसा वास जातो.

वेळ कमी असेल तर सोडा

किराणा दुकानात मिळतो तो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, इथे लागतो. खाण्याचा सोडा सौम्य असतो, त्याने काम रेंगाळतं. कॉस्टिक सोडा घरात वापरू नका, तो कातडी आणि डोळे भाजतो.

एक लिटर पाण्याला साधारण ४० ते ५० ग्रॅम सोडा आणि त्यात पंधरा-वीस पानं. भांडं स्टीलचं, आणि पुन्हा स्वयंपाकात येणार नाही असं जुनं. अॅल्युमिनियमचं पातेलं सोड्याने काळं पडतं आणि झिजतं. मंद आचेवर पाऊण ते दीड तास उकळू द्या, पाणी आटलं तर गरम पाणी घाला. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला आणि मुलांना गॅसपासून लांब ठेवा. पाणी तपकिरी होतं. एक पान चिमट्याने काढून, गार पाण्यात बुडवून अंगठ्याची तीच परीक्षा करा. तयार झाली की आच बंद करून भांडं पूर्ण गार होऊ द्या. गरम पानं फार नाजूक असतात.

त्यानंतरचं ब्रशचं काम वर सांगितलं तसंच. फक्त आधी पानं तीन-चार पाण्यांतून काढावी लागतात, कारण सोडा शिरांत राहिला तर जाळी पुढे पिवळी पडून ठिसूळ होते. सोडा गेला की नाही हे ओळखायला हळद आहे. शेवटच्या पाण्यातलं थोडं वाटीत घ्या आणि त्यात चिमूटभर हळद टाका. पिवळी राहिली तर ठीक. लालसर झाली तर सोडा अजून शिल्लक आहे, परत धुवा. हळदीत चुना मिसळून कुंकू लाल होतं तीच ही क्रिया. सोड्याचं उरलेलं पाणी झाडांना घालू नये. भरपूर पाणी मिसळून मोरीत सोडा.

सोड्याच्या जाळीत सगळ्यात बारीक शिरा थोड्या कमी राहतात असा माझा अनुभव आहे. लांबून फरक दिसत नाही, पण कंदिलात मागून उजेड पडला की दिसतो.

रंग

जाळीचा मूळ रंग फिकट बदामी असतो आणि मला तो तसाच आवडतो. पांढरी हवी असेल तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, त्यात तेवढंच पाणी मिसळा आणि काचेच्या भांड्यात जाळ्या बुडवून ठेवा. काही तासांत रंग उतरतो. मग स्वच्छ पाण्यात धुऊन घ्या. हे मोठ्यांनी हातमोजे घालून करायचं काम आहे. दुसरं कुठलंही ब्लीच किंवा व्हिनेगर त्यात मिसळू नका.

रंगवायला चहाचा कडक काढा घेतला तर जुन्या कागदासारखी छटा येते. हळदीचा पिवळा रंग सुंदर येतो, पण उजेडात फार लवकर उडतो. पुस्तकातल्या खुणेसाठी हळद चालेल, कंदिलासाठी नाही. तिथे कापडाचे रंग वापरा.

वाळवणं

ओली जाळी वर्तमानपत्रावर ठेवली तर शाई लागते आणि खरखरीत कागदावर ती चिकटून बसते. गुळगुळीत सुती कापड पसरा, जाळी तुकड्यासकट त्यावर न्या, पाण्याच्या थेंबात असतानाच टोक आणि कडा ब्रशने सरळ करून घ्या, मग तुकडा ओढून काढा. वर दुसरं कापड ठेवून तळहाताने पाणी टिपून घ्या. अर्धवट वाळली की दोन कोऱ्या कागदांत घालून जाड पुस्तकाखाली एक दिवस. इथे मात्र वहीचा खरा उपयोग आहे. हवा दमट असेल तर दोन कागदांमध्ये ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवली तरी चालते.

भेटकार्ड आणि चित्र

कार्डासाठी गडद रंगाचा जाड कागद घ्या, फिकट कागदावर जाळी हरवते. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी मिसळून ते कागदावर पातळ पसरा आणि जाळी अलगद वरून ठेवा. गोंद जाळीला लावायला गेलात तर तिची घरं बुजतात. वर बटर पेपर ठेवून दाबा आणि वजनाखाली वाळू द्या.

पिंपळपानावर चित्र काढायची परंपरा जुनी आहे. चीनमध्ये पिंपळाच्या जाळीवर बौद्ध अर्हतांची चित्रं रंगवून त्यांचे संग्रह केले जात. उघड्या जाळीवर रंग लावला तर तो आरपार जातो, म्हणून आधी पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे एक-दोन हात देऊन घरं बंद करावी लागतात. हात वाळला की पोस्टर किंवा अॅक्रेलिक रंग घट्टसर घेऊन काढा. गणपती सगळेच काढतात. तुमच्या आवारातला दयाळ किंवा खंड्या काढून बघा, पानाच्या उभट आकारात पक्षी फार छान बसतो.

आकाशकंदील

जाळीचं खरं सौंदर्य मागून उजेड आला की उमटतं. बांबूच्या कामट्यांचा साधा चौकोनी सांगाडा करा, तयार मिळाला तरी चालेल. प्रत्येक बाजूसाठी पतंगाच्या पांढऱ्या कागदाचे दोन तुकडे कापा, सांगाड्यापेक्षा सगळीकडून दोन सेंमी मोठे. एक तुकडा प्लास्टिकच्या कागदावर पसरून त्यावर पातळ गोंद लावा, जाळी ठेवा, वरून पुन्हा अगदी हलका गोंद फिरवून दुसरा तुकडा बसवा. पतंगाचा कागद ओला झाला की लगेच फाटतो, म्हणून ब्रश कमीत कमी फिरवा. कापडाच्या बोळ्याने मधून कडेकडे हवा काढत जा. पूर्ण वाळल्यावरच प्लास्टिकवरून सोडवा. वाळताना कागद ताणला जातो आणि जाळी आत घट्ट बसते.

जाळीचं टोक खाली येईल असं ठेवा, झाडावर पान तसंच लोंबतं. एका बाजूला एकच मोठं पान पुरतं. चार-पाच कोंबली तर शिरा एकमेकींवर येऊन नुसता गोंधळ दिसतो. आत ३ ते ५ वॅटचा एलईडी दिवा लावा, पिवळसर उजेडाचा. पणती किंवा जुना तापणारा बल्ब अजिबात नको, आत सगळं वाळलेलं पान आणि कागद आहे. परतीच्या पावसाचा भरवसा नसतो, तेव्हा कंदील छताखालीच टांगावा.

फेव्हिकॉलऐवजी कणकेची किंवा मैद्याची खळ वापरली तरी जाळी उत्तम चिकटते आणि लहान मुलांच्या हाती द्यायला ती बरी. पण खळीवर कसर येते. पुस्तकबांधणीचं काम करणारे लोक त्यासाठी खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असल्यामुळे मुलांच्या खळीत घालू नका. त्यापेक्षा दिवाळी झाली की कंदिलाच्या बाजू सोडवून कोऱ्या कागदात गुंडाळा आणि बरोबर कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवून डबा घट्ट बंद करा. पावसाळ्यात एकदा डबा उघडून कोरड्या दिवशी वारा दाखवा आणि निंबाची पानं बदला.